कडू लिकरचे कॉकटेल जमते कसे?

बारच्या काउंटरमागे मांडलेल्या बाटल्यांमध्ये एक रांग अशी असते की, तिच्यातली एखादी बाटली उघडून नुसता वास घेतला तरी संत्र्याची साल, पुदिना, ओले लाकूड आणि जुन्या औषधांचे कपाट एकदमच आठवते. ही कडू, वनस्पतींपासून केलेल्या लिकरची रांग. इटालियन भाषेत या प्रकाराला ‘अमारो’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच ‘कडू’ असा आहे आणि त्याचे अनेकवचन ‘अमारी’ होते. या बाटल्या बारटेंडर मंडळींना विलक्षण आवडतात, त्यांवर प्रयोग करणे आणि जमलेला प्रयोग दुसऱ्याला कळवणे हा त्यांच्या व्यवसायातला एक रिवाजच झाला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र साधा प्रश्न पडतो: जी चव लहान मूल तोंडातून थुंकून टाकते, ती मोठी माणसे मोजूनमापून ग्लासात का घालतात, आणि घातली तर ती पेयात बसते कशी?

हे समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. अमारो हा कच्चा माल नसतो. कोणीतरी आधीच पूर्ण करून ठेवलेली ती एक पाककृती असते. लिंबाचा रस आंबटपणा देतो, साखरेचा पाक गोडी देतो, जिन प्रामुख्याने अल्कोहोल आणि सुगंध देते. अमारोच्या ३० मिलीमध्ये मात्र कडवटपणा, साखर, अल्कोहोल आणि डझनावारी वनस्पतींचा सुगंध एकत्र येतो, आणि त्यांपैकी एकच गोष्ट वाढवून बाकीच्या होत्या तिथेच ठेवण्याची सोय त्या बाटलीत नसते. ‘अजून थोडे कडू हवे’ म्हणून अमारो वाढवला की पेय गोडही होते. नवशिक्यांचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते.

आता जिभेकडे वळू. गोड चव ओळखण्यासाठी आपल्याकडे मुख्यतः एकाच प्रकारचा संवेदक असतो, तर कडू चवीसाठी सुमारे २५ प्रकारचे असतात. याचे कारण वनस्पतींच्या स्वसंरक्षणात आहे. प्राण्यांनी खाऊ नये म्हणून वनस्पती नाना प्रकारची रसायने तयार करतात, त्यांतली बरीचशी विषारी असतात, आणि ती निरनिराळ्या रचनेची असल्यामुळे त्यांची चाहूल घेणारे पहारेकरीही अनेक लागतात. म्हणून ‘कडू’ हा शब्द एक असला तरी त्यामागच्या संवेदना एकसारख्या नसतात: जेन्शियनच्या मुळाचा कडवटपणा स्वच्छ आणि तीक्ष्ण असतो, सिंकोना या झाडाच्या सालीतल्या क्विनीनचा कोरडा आणि थोडा धातूसारखा असतो, तर वर्मवुड या झुडपाचा जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो. यांतले जेन्शियन हे या बाटल्यांचा कणा म्हणावे असे मूळ आहे. युरोपच्या डोंगराळ भागात उगवणाऱ्या या पिवळ्या फुलांच्या झाडाच्या मुळात अमारोजेन्टिन नावाचे द्रव्य असते आणि त्याचा एक भाग सुमारे ५.८ कोटी भाग पाण्यात मिसळला तरी जिभेला कडवटपणा जाणवतो, असे मानले जाते.

शिवाय प्रत्येकाची जीभ सारखी नसते. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या संयुगाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली आणि फॉक्सना काहीच लागले नाही. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे एकाच ग्लासातल्या पेयाबद्दल दोन समंजस माणसांचे मत टोकाचे निघाले, तर त्यात कोणाच्या रसिकतेचा दोष काढण्याचे कारण नाही. कडवटपणाची आवड बहुतेकांमध्ये सवयीने तयार होते, जशी कॉफीची होते: आधी साखर आणि दूध घालून, मग हळूहळू ते कमी करत. अमारोमधली साखर नेमके हेच काम करते.

ही लिकर तयार करण्याची पद्धत सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे. मुळे, साली, पाने, फुले आणि बिया अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायच्या, काहींचे ऊर्ध्वपातन करायचे, मग त्या अर्कात साखर आणि पाणी मिसळायचे आणि काही वेळा ते लाकडी पिंपात मुरू द्यायचे. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिकर म्हणवणाऱ्या पेयात सर्वसाधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल असावे लागते. या चौकटीत बाटल्याबाटल्यांमधला फरक मात्र प्रचंड असतो. १९१९ मध्ये पादुआ इथे आलेले नारिंगी रंगाचे अपेरोल ११ टक्क्यांचे म्हणजे या किमान मर्यादेच्याही खालचे आहे. आर्टिचोक या भाजीच्या पानांचा अर्क असलेले चिनार १६.५ टक्क्यांचे, सिसिलीतल्या काल्तानिस्सेत्ता गावचे आव्हेर्ना २९ टक्क्यांचे, तर १८४५ पासून मिलानमध्ये तयार होणारे, २७ वनस्पतींचे फर्नेट-ब्रांका ३९ टक्क्यांचे. ‘एक माप अमारो’ एवढेच कोणी लिहून दिले, तर त्याने आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

प्रयोगाची सुरुवात बहुधा नेग्रोनीपासून होते आणि ते योग्यच आहे, कारण त्यात लपवालपवीला जागा नाही. जिन, गोड व्हर्मुथ (वनस्पती घालून सुगंधित केलेली वाइन) आणि कम्पारी ही लाल, कडू इटालियन लिकर, प्रत्येकी ३० मिली. बर्फावर ढवळायचे, संत्र्याची फोड घालायची. प्रचलित कथा अशी की, १९१९ च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये काउंट कमिल्लो नेग्रोनी यांनी आपल्या नेहमीच्या अमेरिकानो या पेयात सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि फोस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरने ती घातली. इतिहासकार या कथेवर वाद घालतात. आपल्याला तिच्यातली कृती महत्त्वाची आहे. अमेरिकानो म्हणजे कम्पारी, व्हर्मुथ आणि सोडा. त्यातली एक वस्तू काढली, दुसरी घातली आणि नवे पेय झाले. कडू कॉकटेलच्या प्रयोगांची मूळ पद्धत अजूनही हीच आहे.

या पेयाचा हिशेब एकदा मांडून पाहू. ४० टक्क्यांची ३० मिली जिन म्हणजे १२ मिली शुद्ध अल्कोहोल. कम्पारी २५ टक्क्यांची धरली तर तिचे ७.५ मिली, आणि १६ टक्क्यांच्या व्हर्मुथचे ४.८ मिली. एकूण २४.३ मिली, म्हणजे ९० मिलीच्या मिश्रणात २७ टक्के. ढवळताना बर्फ वितळून त्यात तीसेक मिली पाणी मिळते आणि तयार पेय सुमारे २० टक्क्यांवर येते. साखर आहे दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमच्यांहून जास्त. नेग्रोनी पिणाऱ्या बहुतेकांना तिच्यात इतकी साखर असेल यावर विश्वास बसत नाही, आणि ही साखर जाणवत नाही यातच तिचे यश आहे: कडवटपणा साखरेला झाकतो आणि साखर कडवटपणाला झाकते. एकमेकींना दाबून ठेवणाऱ्या या दोन चवींमधून वाट काढत सुगंध वर येतो.

आता कम्पारीच्या जागी चिनार घालून पाहावे. प्रमाण तेच, ३०-३०-३०. अल्कोहोलचा आकडा २७ वरून २४ टक्क्यांवर घसरतो, हे काही फार नाही. पण चिनारचा कडवटपणा मंद आणि मातकट आहे, साखर भरपूर आहे, आणि व्हर्मुथची गोडी तर होती तशीच आहे. परिणामी पेय जड आणि सुस्त लागते. उपाय चिनार वाढवण्यात नाही. व्हर्मुथ ३० वरून २० मिलीवर आणावे आणि जिन ४० मिली करावी, की तेच पेय कणा सापडल्यासारखे उभे राहते. याउलट फर्नेट-ब्रांका घातले तर ३० मिलीमध्ये बाकी सगळे बुडून जाते, कारण त्यात साखर तुलनेने कमी, अल्कोहोल जास्त आणि कापराची आठवण करून देणारा थंड सुगंध असा की तो दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारच्या मुख्य बारटेंडर ॲडा कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. अभिनेते चार्ल्स हॉट्री यांच्यासाठी त्यांनी केलेल्या हँकी पँकी या पेयात जिन आणि गोड व्हर्मुथ समसमान, आणि फर्नेट जेमतेम दोन शिंतोडे. आजच्या कृतींत फर्नेट थोडे जास्त असते: ४५ मिली, ४५ मिली आणि ७.५ मिली. तीच तीन खाती, पण एका खात्यातली रक्कम चौथाईवर आणलेली.

प्रत्यक्ष चाचणी कशी चालते, हे जवळून पाहण्यासारखे असते. बार बंद झाल्यावर काउंटरवर तीन लहान ग्लास मांडले जातात आणि बाकी सारे तेच ठेवून पहिल्यात १५, दुसऱ्यात २२ आणि तिसऱ्यात ३० मिली अमारो घातला जातो. प्रत्येक ग्लास तेवढ्याच बर्फावर, तेवढेच सेकंद ढवळला जातो. मग बारटेंडर काचेची किंवा स्टीलची नळी पेयात बुडवतो, वरच्या टोकावर बोट दाबून धरतो, नळीत अडकलेले चार-पाच थेंब जिभेवर सोडतो आणि बोट उचलल्यावर पुढचे काही क्षण अगदी गप्प उभा राहतो. ही शांतता दिखाऊ नसते. गोड आणि आंबट चव तत्काळ लागते, कडू चव मागाहून येते आणि बराच वेळ रेंगाळते. पहिल्या क्षणाला मत दिले तर अर्धे पेय न चाखताच निकाल लागतो. दुसरी अडचण अशी की कडवटपणा साचत जातो. तिसऱ्या ग्लासावर पहिल्या दोघांची सावली पडलेली असते, म्हणून मध्ये पाणी प्यावे लागते, थांबावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी तेच ग्लास उलट्या क्रमाने चाखावे लागतात. बर्फाशिवाय, कोमट मिश्रण चाखून प्रमाण ठरवणे तर पूर्णपणे फसवे असते, कारण थंडीने गोडी दबते आणि वितळलेले पाणी सगळेच सैल करते.

अमारो वापरताना आणखी एक उणीव लक्षात ठेवावी लागते, ती आंबटपणाची. व्हर्मुथ ही मुळात वाइन असते, त्यामुळे तिच्यात द्राक्षांचा आंबटपणा असतो. बहुतेक अमारी अल्कोहोल, पाणी आणि साखरेवर उभे असल्याने त्यांच्यात तो नसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉड स्मिथ यांनी २००५ च्या सुमारास मॅनहॅटन या व्हिस्की आणि व्हर्मुथच्या पेयातले व्हर्मुथ काढून आव्हेर्ना घातले आणि ‘ब्लॅक मॅनहॅटन’ रूढ झाले. राय व्हिस्की ६० मिली, आव्हेर्ना ३० मिली. पेय सुंदर आहे, पण त्यात संत्र्याच्या बिटर्सचा, म्हणजे थेंबाथेंबाने वापरायच्या तीव्र कडू अर्काचा, एक शिंतोडा असतो आणि तो गेला की कोलाचा आटवलेला पाक प्यायल्यासारखे वाटते, हे माझे मत. आंबटपणा उघडपणे घेतला तर काय होते, हे सॅम रॉस यांच्या पेपर प्लेन या पेयात दिसते: बर्बन व्हिस्की, अपेरोल, अमारो नोनिनो आणि लिंबाचा रस, चारही समप्रमाणात. या पेयाच्या पहिल्या रूपात अपेरोलच्या जागी कम्पारी होती. समान मापे बसली ती कडवटपणा सौम्य केल्यानंतर. समप्रमाणाचे पेय लक्षात ठेवायला सोपे असते म्हणून ते योगायोगाने जमले असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिथे प्रमाण हलवायची मुभा नसल्यामुळे योग्य बाटली सापडेपर्यंत बाटल्याच बदलत राहाव्या लागतात.

नियम मोडून दाखवणारे उदाहरण हवे असेल तर ट्रिनिडाड सॉर हे पेय पाहावे. अँगोस्तुरा बिटर्स ही वस्तू १८२४ पासून बनते आहे आणि ती शिंतोड्यानेच वापरायची असा दंडक आहे. एक शिंतोडा साधारण एक मिलीचा. ज्युसेप्पे गोन्झालेस यांनी तिची ४५ मिली घातली, म्हणजे पंचेचाळीसेक शिंतोडे. सोबत बदामाचा गोड पाक ३० मिली, लिंबाचा रस २२.५ मिली आणि व्हिस्की फक्त १५ मिली. कागदावर हे वेडगळ दिसते. पण बिटर्समध्ये गोडी नावापुरती असल्याने तिला लागणारी साखर बाहेरून आणली आहे आणि आंबटपणाही बाहेरून आणला आहे. अमारोमध्ये आधीच घडून गेलेले काम इथे ग्लासात घडते.

साखरेखेरीज कडवटपणा आवरण्याचा दुसरा मार्ग मिठाचा आहे. १९९७ मध्ये ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांनी दाखवले की कडू आणि गोड यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला तर कडवटपणा दबतो आणि त्यामुळे झाकलेली गोडी वर येते. म्हणून अनेक बारटेंडर २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून एका ड्रॉपरच्या बाटलीत ठेवतात आणि पेयात दोन थेंब घालतात. पेय खारट लागता कामा नये. खारट लागले तर थेंब जास्त झाले.

आता जमलेला प्रयोग दुसऱ्याला कळवण्याविषयी. अमेरिकन कायद्यात घटकांच्या नुसत्या यादीला कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे कॉकटेलची कृती कोणीही करू शकतो, आणि या व्यवसायात चोरी टाळण्याचे काम कायद्यापेक्षा संकेत करतो: पेय कोणाचे, कोणत्या पेयावरून सुचले, हे सांगायचे. जुनी पेये पुन्हा जिवंत होतात तीही अशा सांगण्यातूनच. ‘लास्ट वर्ड’ हे डेट्रॉइटच्या एका क्लबमध्ये १९१६ च्या सुमारास मिळणारे पेय जवळजवळ विसरले गेले होते. सिएटलचे बारटेंडर मरे स्टेन्सन यांना ते १९५१ च्या एका कॉकटेल-संग्रहात सापडले, त्यांनी ते आपल्या बारमध्ये द्यायला सुरुवात केली आणि एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर करत ते जगभर पोचले. त्यात लागते हिरवी शार्त्रूझ, फ्रान्समधल्या कार्थुसियन मठवासीयांची १३० वनस्पतींची, ५५ टक्क्यांची लिकर. त्यांनी उत्पादन वाढवायचे नाही असे ठरवल्याचे २०२३ मध्ये सर्वांना कळले आणि बाटली मिळेनाशी झाली, तेव्हा ज्यांच्याकडे नुसते प्रमाण होते त्यांची पंचाईत झाली. ही बाटली पेयात नेमके कोणते काम करते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना पर्याय शोधणे तुलनेने सोपे गेले.

म्हणून कृती लिहिताना ‘अमारो, एक माप’ न लिहिता बाटलीचे नाव, तिच्यावरचा अल्कोहोलचा आकडा आणि मिलीमधले माप लिहावे. आकडा मुद्दाम लिहावा, कारण नाव तेच असूनही बाटली वेगळी असू शकते: कम्पारी देशागणिक २०.५ टक्क्यांपासून २८.५ टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या तीव्रतेने विकली जाते. ढवळायचे की शेक करायचे, किती सेकंद, बर्फ मोठ्या तुकड्यांचा की चुऱ्याचा, हेही हवे. आणि जमले तर न जमलेले प्रमाणही लिहावे. ‘३० मिलीला फार गोड झाले, २२ वर थांबलो’ हे एक वाक्य वाचणाऱ्याला तीन ग्लासांची मेहनत वाचवते.

घरी किंवा बारमध्ये स्वतःच मुळे भिजवून अर्क करणाऱ्यांसाठी मात्र वेगळा इशारा द्यावा लागतो, कारण इथे चूक झाली तर ती चवीपुरती राहत नाही. जेन्शियनसारखीच दिसणारी व्हेराट्रम ही विषारी वनस्पती त्याच डोंगरांत उगवते आणि फुले नसताना दोघींची गल्लत होऊन विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. जेन्शियनची पाने देठावर समोरासमोर येतात, व्हेराट्रमची एकाआड एक, पण वाळलेले मूळ हातात असताना पाने पाहायला मिळत नाहीत. सिंकोनाची साल अंदाजपंचे भिजवली तर क्विनीनचे प्रमाण कळत नाही आणि जास्त झाल्यास कानात आवाज येणे, मळमळणे, डोके दुखणे असे त्रास होतात. अमेरिकेत टॉनिक वॉटरमधल्या क्विनीनवर दहा लाखांत ८३ भागांची मर्यादा आहे ती याचमुळे. असे अर्क करायचेच असतील तर वनस्पती खात्रीच्या विक्रेत्याकडून, तिचे शास्त्रीय नाव पाहून घ्यावी, आणि ग्राहकाला देण्याआधी तिच्यावरच्या मर्यादा तपासाव्यात. शतकाहून अधिक काळ तपासली गेलेली बाटली विकत घेणे यात कमीपणा काहीच नाही.

एवढे सगळे लिहूनही एखाद्याचा ग्लास मूळ पेयासारखा लागला नाही, तर पहिला संशय अमारोवर घेऊ नये. तो साखर आणि अल्कोहोलमुळे उघड्या बाटलीतही महिनोन्महिने टिकतो. व्हर्मुथ वाइन असल्याने उघडल्यावर उतरू लागते, फ्रिजमध्ये ठेवली तरी महिना-दोन महिन्यांत तिचा ताजेपणा जातो, आणि तिची साथ सुटली की तोच अमारो त्याच मापात जास्त कडू वाटतो. जाणते बारटेंडर व्हर्मुथच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून ती उघडल्याची तारीख लिहून ठेवतात.